भेटकार्ड हाताचे, मग त्यामागचा कागद विकतचा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत हाताने भेटकार्डे कशी करावीत याविषयी मजकूर येतो, तसा तो याही वर्षी आला आणि मी तो नेहमीप्रमाणे कात्री जवळ घेऊनच वाचला. कार्डाची घडी, पणतीचा आकार, अक्षरांची मांडणी, लेस आणि टिकल्या यांविषयी त्यात आस्थेने लिहिले आहे. परंतु हे सगळे ज्या कागदावर उभे राहायचे, त्याच्याविषयी मात्र ‘बाजारातून आवडीचा डिझायनर कागद आणावा’ एवढे एकच वाक्य आहे. माझा आक्षेप त्या एका वाक्याला आहे. लेखाच्या लेखिकेला दोष द्यावा असा हेतू नाही, कारण आता शाळांतून, महिला मंडळांतून आणि स्पर्धांतून हेच सांगितले जाते. पण कार्डाचा निम्म्याहून अधिक भाग जर छापील कागदाने व्यापलेला असेल, तर त्याला हाताने केलेले कार्ड कोणत्या हिशेबाने म्हणायचे, हा प्रश्न मला आपल्या वाचकांपुढे ठेवायचा आहे.

माझ्या बोलण्यामागे थोडा घरचा इतिहास आहे. माझे वडील कोल्हापुरातील एका छापखान्यात बाइंडर होते. कीर्दवह्या, खतावण्या, हजेरीपत्रके आणि वाचनालयांची खिळखिळी झालेली पुस्तके बांधणे हे त्यांचे काम, आणि सुटीच्या दिवशी घरच्या सोप्यात तेच काम जरा निवांतपणे चाले. खळ, म्हणजे पिठाची चिकी, शिजवणे, गाळणे आणि वडील सांगतील त्या मापाने ताव आखून देणे ही माझ्या वाटणीची कामे. पुढे मी एका माध्यमिक शाळेत २८ वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी संकल्पचित्रे करून घेताना मला वारंवार दिसले, की मुले फुले, पाने, कोयऱ्या भराभर काढतात, पण दोन आकारांच्या मधल्या जागेचे काय करायचे इथे येऊन अडतात, आणि मग ती जागा एखाद्या गडद रंगाने लिंपून मोकळी होतात. भेटकार्डातही नेमके हेच होते. फरक इतकाच की तिथे लिंपण्याऐवजी विकतचा कागद डकवला जातो.

गेल्या वर्षी शहरातील एका भेटकार्ड स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. स्पर्धा कोणाची होती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे जे दिसले ते बहुतेक ठिकाणी दिसते. टेबलावर मांडलेल्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिक कार्डांवर तोच तो गुलाबी फुलांचा छापील कागद होता, आणि तो एकाच दुकानातल्या एकाच गठ्ठ्यातून आलेला आहे हे ओळखायला परीक्षकाची गरज नव्हती. त्या गर्दीत नववीतल्या एका मुलीचे कार्ड होते. तिने खळीत निळा रंग कालवून, त्यावर दात पडलेला कंगवा नागमोडी फिरवून पाण्याच्या लाटा उमटवल्या होत्या, आणि त्या लाटांवर पिवळ्या कागदाची एकच पणती ठेवली होती. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर जो उभा राहिला असेल, त्याला त्या कार्डाचा अर्थ विचारावा लागला नसता. माझ्या सहपरीक्षकांना मात्र तो कागद ‘जरा मळकट’ वाटला. मी वाद घातला. पण नियमावलीत सुबकता, संदेश आणि सजावट यांना गुण होते, मागच्या कागदाला वेगळे गुणच नव्हते, त्यामुळे माझ्या वादाला कागदोपत्री काहीच आधार उरला नाही. कार्डाला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळाले नाही.

मागचा कागद म्हणजे रिकामी जागा भरण्याची सोय नव्हे. साडीचे काठ-पदर कितीही भरजरी असले तरी ते खुलतात की हरवतात हे साडीच्या अंगाच्या रंगावर ठरते, आणि पांढरी रांगोळी उठून दिसते ती खाली शेणाने सारवलेली जमीन असते म्हणून. कोल्हापूरकरांना तर हे वेगळे सांगावे लागू नये. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्याचा ध्यास घेण्यापूर्वी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव कमावले होते. पडदा रंगवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, की राजवाडा कितीही देखणा काढला तरी पुढे उभा असलेला नट त्यात बुडता कामा नये. भेटकार्डाचा मागचा कागद हा त्या पडद्याचाच धाकटा भाऊ आहे. छापील कागदाची अडचण अशी, की तो दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावा यासाठी छापलेला असतो. त्याची नक्षी या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखीच ठसठशीत असते, आणि त्यावर लिहिलेले ‘शुभ दीपावली’ वाचायला डोळे ताणावे लागतात. मग अक्षरांखाली पांढरी पट्टी डकवतात. म्हणजे पैसे देऊन आणलेली नक्षी पुन्हा आपणच झाकायची.

हाताने करायच्या कागदांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो खळीचा कागद, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पाव वाटी कॉर्नफ्लोअर किंवा मैदा आधी थोड्या गार पाण्यात एकही गुठळी न ठेवता कालवावा, एकूण दोन वाट्या पाणी होईल इतके उरलेले पाणी गरम करून त्यात ते ओतावे, आणि मंद आचेवर हात न थांबवता ढवळत राहावे. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि दुधासारखे पातळ दिसणारे मिश्रण एकाएकी दाटून अर्धवट पारदर्शक होते. तिथून पुढे मिनिटभर शिजवून भांडे उतरवावे. गार होताना खळीवर साय धरते; ती काढून खळ पातळ फडक्यातून गाळली नाही, तर पुढे ब्रशला एकेक गुठळी लागत राहते आणि कागदावर रवाळ ठिपके उमटतात. गार झालेली खळ फेटलेल्या दह्याइतकी दाट असावी. मैद्याची खळ चिवट आणि थोडी दुधी होते, कॉर्नफ्लोअरची नितळ होते; वडील बांधणीसाठी मैद्याचीच करीत, रंगाच्या कामासाठी मला दुसरी बरी वाटते.

वडिलांच्या खळीत चिमूटभर मोरचूद असे, कारण कसर आणि झुरळे यांना पिठाची खळ आपल्याइतकीच आवडते. मोरचूद विषारी आहे, ते मुलांच्या हाताशी असू नये. त्याऐवजी तुरटी घालणारेही पुष्कळ बाइंडर होते. पण तुरटीने कागदात आम्लता येते आणि काही वर्षांनी तो पिवळा पडून ठिसूळ होतो, हे मी घरातल्या जुन्या वह्यांवर पाहिले आहे. शाळेच्या कामाला खळ त्याच दिवशी करावी आणि त्याच दिवशी संपवावी, हेच उत्तम. उरलीच तर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, मात्र डब्यावर मोठ्या अक्षरात ‘खळ’ असे लिहून ठेवावे. आमच्या घरी एकदा ती कढी समजून गरम करण्यात आली होती.

अर्धी वाटी खळीत चहाचा एक चमचा ॲक्रिलिक रंग कालवला की काम सुरू करता येते. कागद १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असावा. ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद ओला झाला की कंगव्याच्या दाताखाली फाटतो, आणि हातकागद सच्छिद्र असेल तर रंग वर राहण्याऐवजी पोटात शोषून घेतो. ताव आधी ओल्या स्पंजने दोन्ही बाजूंनी पुसावा. कागद एकाच बाजूने भिजला तर त्या बाजूचे तंतू फुगतात आणि ताव पापडासारखा वळतो. दोन्ही बाजू भिजल्या की तो फरशीवर अंग टाकून सपाट बसतो. मग रुंद ब्रशने एकदा आडवा, एकदा उभा असा रंगीत खळीचा थर द्यावा आणि त्यावर हवे ते फिरवावे. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाला कात्रीने खाचा पाडल्या तर उत्तम फणी होते. पण मी शाळेत मुलांना घरचीच साधने आणायला सांगत असे, आणि दाणे काढलेले मक्याचे कणीस, झाऱ्याची कड, चकलीच्या सोऱ्याची चकती, सायकलच्या टायरचा तुकडा असे जे काही येई त्यातून निघालेले नमुने मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. जिथे दात फिरतो तिथला रंग बाजूला सरकून खालचा कागद दिसतो आणि सरकलेला रंग कडेला साचून गडद होतो, त्यामुळे एकाच रंगाच्या तीन छटा आपोआप मिळतात. नमुना मनासारखा आला नाही तर ब्रश पुन्हा फिरवून पाटी कोरी करता येते. जलरंगात चुकलेल्या मुलाचा चेहरा आणि खळीत चुकलेल्या मुलाचा चेहरा यांत किती फरक असतो, हे शिकवणाऱ्यांनी एकदा पाहावे. खळ सुकायला लागेपर्यंतचा अवधी मात्र हवेवर असतो: आपल्याकडे एप्रिलात जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात, श्रावणात निवांत दहा.

ही युक्ती काही माझ्या वडिलांनी शोधलेली नव्हे. युरोपातले बाइंडर पुस्तकांच्या वेष्टनासाठी आणि अस्तरासाठी असे कागद शेकडो वर्षे करीत आले. जर्मनीतील हेर्नहूट या गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या अविवाहित भगिनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खळीचे कागद करून विकत असत आणि ते त्या गावाच्या नावाने ओळखले जात. एका छोट्या समूहाने स्वयंपाकघरातल्या पिठातून आपला चरितार्थ चालवल्याचे हे उदाहरण आपल्या बचत गटांना परके वाटू नये.

कागद सुकवण्याचे काम घाईचे नाही. तारेवर चिमट्याने अडकवला तर चिमट्याची खूण राहते आणि रंग खाली ओघळतो, म्हणून पहिला तासभर तो आडवाच ठेवावा आणि मग दोरीवर टाकावा. पूर्ण सुकल्यावर मागच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवला की सरळ होतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम करू नये असे मी अनुभवाने सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस ताव दमट राहतो आणि पिठामुळे त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. ऑक्टोबरचे ऊन मात्र या कामासाठीच पडते की काय असे वाटावे. आणखी एक गोष्ट २०१९ च्या महापुराने शिकवली. माझ्या जुन्या नमुन्यांची ट्रंक तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीतल्या बहिणीच्या घरी होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा पोस्टर कलर कालवून केलेल्या कागदांचा एकच करडा लगदा झाला होता, कारण सुकलेली खळ आणि पोस्टर कलर दोन्ही पाण्यात पुन्हा सुटतात. ॲक्रिलिक रंगाचे कागद गाळाने माखले होते, पण नळाखाली धरल्यावर त्यांतल्या बऱ्याच कागदांवरच्या लाटा जागच्या जागी निघाल्या. त्यापूर्वी मी पोस्टर कलर स्वस्त म्हणून सर्रास वापरत असे.

खळीच्या कागदानंतर ज्याचे नाव घ्यावे तो अबरी कागद. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग, आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या आत जो ढगाळ, नागमोडी रंगांचा कागद दिसे त्याला बाइंडर मंडळी अबरी म्हणत. दाटसर पाण्यावर रंगाचे थेंब तरंगवायचे, काडीने किंवा फणीने ते ओढायचे आणि वर अलगद कागद टेकवून उचलायचा, अशी ही पद्धत. तुर्कस्तानात ती ‘एब्रू’ म्हणून आजही जिवंत आहे आणि २०१४ मध्ये युनेस्कोने तिची वारसा यादीत नोंद केली. आपल्यासाठी विशेष म्हणजे सतराव्या शतकात इथून फार लांब नसलेल्या विजापुरात आदिलशाही चित्रकारांनी अबरीचा असा उपयोग केला, की जगभरची संग्रहालये आज ती चित्रे जपतात. रोडावलेला घोडा आणि त्यावरचा स्वार यांच्या अंगात सगळी अबरी भरलेली आणि मागची बाजू जवळपास मोकळी, असा त्यांतल्या काही चित्रांचा थाट आहे. म्हणजे पार्श्वभूमीसाठी असलेला कागद त्यांनी चक्क नायकाच्या अंगात घातला आणि नायकाच्या मागे शांतता ठेवली. भेटकार्ड करणाऱ्याला यातून एक सोपी कल्पना मिळते. अबरीचा कागद पूर्ण कार्डावर न डकवता त्यातून फक्त पणती किंवा मोर कापावा आणि तो साध्या कागदावर बसवावा. अबरीचा लहानसा तुकडाही मग वाया जात नाही.

अबरीसाठी पाणी दाट करायला परदेशात समुद्री शेवाळापासून मिळणारे कॅराजीनन वापरतात, आणि इराणातल्या जुन्या कारागिरांनी मेथीच्या दाण्यांचा बुळबुळीत अर्कही वापरला आहे. मी मेथी रात्रभर भिजवून, उकळून, दोनदा गाळून हा प्रयोग केला आहे. रंग तरंगले, घरभर मेथीचा वास तीन दिवस राहिला, आणि दहापैकी चार कागद चांगले निघाले. कागदावर आधी तुरटीचे पाणी लावून सुकवले तर रंग घट्ट बसतो, हे खरे. तुरटीविषयी वर म्हटले ते इथेही लागू आहे, परंतु भेटकार्डाचे आयुष्य खतावणीइतके मोजायचे नसते. शाळांतून मात्र ऑइल पेंट रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून साध्या पाण्यावर टाकण्याची पद्धत रूढ आहे. ती झटपट आहे आणि मुलांना त्यात मोठी गंमत वाटते. पण तास संपल्यावर ते तेलकट पाणी मोरीत ओतले जाते, आणि आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी कुठे जाते हे पंचगंगेच्या काठच्या माणसांना सांगायला नको. तेवढ्यासाठी तरी ही पद्धत शाळांनी बंद करावी असे माझे मत आहे.

बाकीच्या युक्त्या बहुतेकांना माहीत असतात, म्हणून त्यांच्यावर फार शाई खर्च करत नाही. ओल्या जलरंगावर मीठ टाकले की प्रत्येक खडा भोवतालचे रंगीत पाणी ओढतो आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. बारीक मिठाने धुके होते, खडेमिठाने फुले होतात. परंतु सुकल्यावर मीठ नीट झटकले नाही तर पावसाळ्यात ते हवेतली ओल धरते आणि कार्ड हाताला चिकट लागते. ओल्या कागदावर क्रेप कागदाचे तुकडे पसरले तर त्यांचा सुटलेला रंग फार हळुवार उतरतो. टूथब्रशने उडवलेले तुषार, दोरा ओढून केलेले आकार, भेंडीचे ठसे हे तर शाळेच्या वर्गातले जुने सोबती. भेंडीविषयी एवढेच, की ती कार्डाच्या पुढे येऊन उभी राहते, तेव्हा तिचा रंग कागदाच्या रंगापेक्षा जेमतेम एक पायरी गडद ठेवावा. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने ओढले की रेषा लालसर होते. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते तोच हा गुण. वर्गात हे करून दाखवले की विज्ञानाच्या शिक्षकांचीही सोय होते, पण हळदीचा रंग उन्हात काही दिवसांत उडतो, त्यामुळे ते कार्ड खिडकीत मांडून ठेवू नये.

इतके करून सुंदर कागद हाती आला, तरी तो डकवताना बिघडतो आणि खापर कागदावर फुटते. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला तर ज्या वेळी तो सहज वाकतो, त्या वेळच्या बाकाची रेषा ही ग्रेनची दिशा. घडी ग्रेनला समांतर घातली तर ती धारदार येते, आडवी घातली तर जाड कार्डशीटची कड तडकते आणि आतले पांढरे तंतू बाहेर येतात. मागचा कागद चिकटवतानाही दोन्हींचा ग्रेन घडीला समांतर ठेवावा, कारण ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो आणि सुकताना आकसून कार्डाला आपल्याबरोबर ओढतो. मुले फेव्हिकॉल थापतात आणि मग कार्ड धनुष्यासारखे वाकते. फेव्हिकॉल थोडे पाणी घालून ब्रशने पातळ पसरावा, कागद मधून कडेकडे दाबत न्यावा, आणि कार्ड वहीच्या पानात घालून तासभर वजनाखाली ठेवावे. वडिलांकडे यासाठी शिकंजा होता. माझ्याकडे दोन जाडजूड शब्दकोश आहेत.

खर्चाचा प्रश्न काढला जाईल, म्हणून मापे देते. ए-४ कार्डशीटचे दोन भाग केले आणि एकेकाची घडी घातली की १०५ × १४८ मिमीचे कार्ड होते. चारही बाजूंनी ५ मिमी पांढरी कड सोडली तर मागचा कागद ९५ × १३८ मिमीचा लागतो, आणि २२ × ३० इंचांच्या एका इम्पिरियल तावातून मळलेल्या कडा टाकूनही असे २५ तुकडे निघतात. एक ताव, वाटीभर खळ आणि दोन चमचे रंग यांत २५ कार्डे. डिझायनर कागदाच्या एका पाकिटाशी ज्याने त्याने ताडून पाहावे. वजनाचे म्हणाल तर २५० जीएसएमचे एवढे कार्ड ८ ग्रॅमच्या आत भरते, मागचा कागद २ ग्रॅमच्या आत, आणि लिफाफा ४-५ ग्रॅम. म्हणजे साध्या टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात ते आरामात बसते. मणी आणि आरसे लावलेली कार्डे तिथे बसत नाहीत, आणि टपालाच्या शिक्क्याखाली टिकतही नाहीत. याशिवाय आपल्या शहरातल्या छापखान्यांत लग्नपत्रिकांचे कागद कापताना ज्या पट्ट्या उरतात, त्या रद्दीत जातात. त्यांतला कागद बहुधा जाड आणि चांगल्या प्रतीचा असतो. शाळेने नुसते विचारले तर बहुतेक छापखानेवाले पिशवी भरून देतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

वेळ नाही, ही तक्रार मला मान्य आहे. नोकरी करून, घर सांभाळून दहा कार्डे करणाऱ्या बाईने छापील कागद वापरला तर तिला नावे ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही, आणि भेटकार्ड पाठवणेच जवळपास थांबलेल्या या काळात तिने ते केले हेच पुष्कळ आहे. संक्रांतीला तिळगुळाबरोबर छोटेसे शुभेच्छापत्र टपालाने धाडण्याची रीत माझ्या लहानपणी घरोघरी होती, ती आता कुठे राहिली? माझे म्हणणे स्पर्धांपुरते आणि शाळांपुरते आहे. जिथे मूल शिकण्यासाठी बसले आहे, तिथे त्याच्या हातात अर्धे झालेले काम देऊ नये.

म्हणून दोन विनंत्या करते. पहिली, शहरातील ज्या संस्था आणि मंडळे दिवाळीत भेटकार्ड स्पर्धा घेतात त्यांनी आपल्या नियमांत ‘पार्श्वभूमीचा कागद स्पर्धकाने स्वतः तयार केलेला असावा’ अशी अट घालावी, किंवा ते कठीण वाटत असेल तर मागच्या कागदाला १०० पैकी निदान ३० गुण वेगळे ठेवावेत आणि परीक्षकांना कार्ड उलटून, आतून-बाहेरून पाहायला सांगावे. दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीत पुढच्या वेळी भेटकार्डांवर मजकूर येईल तेव्हा ‘बाजारातून आणावा’ या वाक्याच्या जागी खळीची कृती छापावी. वर दिलेली माझी कृती खुशाल घ्यावी, त्याखाली माझे नाव नको.

महापुरातून वाचलेले आणि त्यानंतर केलेले असे साठ-सत्तर नमुने माझ्याकडे आहेत. हवे असल्यास ते आपल्या कार्यालयात आणून देईन. छायाचित्रे काढून झाल्यावर ते परत पाठवण्याची घाई करू नये, एखाद्या टेबलावर पडू द्यावेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावला, एखादा कागद कोणी घरी नेला, तरी माझी तक्रार नाही. फक्त त्यात निळ्या लाटांचा एक कागद आहे, त्या मुलीने स्पर्धेनंतर मला दिलेला, तेवढा परत हवा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर